तीन दिवसांच्या तापाला सर्टिफिकेट कशाला?

"मॅडम, आता बरं वाटतंय. औषध नको. फक्त तीन दिवसांचं सर्टिफिकेट द्या, नाहीतर आत घेत नाहीत."

घिवली, दांडी, नवापूर या पट्ट्यात किंवा बोईसरच्या कोणत्याही गल्लीत दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरला हे वाक्य नवीन नाही. सोमवारी सकाळी आणि सणाच्या दुसऱ्या दिवशी तर रांगेत खऱ्या आजाऱ्यांपेक्षा कागद मागणारेच जास्त असतात. तारापूर एमआयडीसीतल्या कारखान्यात ठेकेदाराकडे काम करणारा मुलगा, अणुऊर्जा केंद्रात साफसफाईच्या कंत्राटावर असलेली बाई, बोईसरच्या दुकानातली सेल्सगर्ल, शाळेतला शिपाई. आजार होऊन गेलेला असतो. ताप उतरलेला असतो, जुलाब थांबलेले असतात. तरीही हे लोक अर्धा दिवस आणि रिक्षाचे पैसे घालवून माझ्यासमोर बसलेले असतात, कारण त्यांच्या सुपरवायझरला माझी सही आणि शिक्का हवा असतो.

माझं मत आधीच सांगून टाकते. तीन दिवसांपर्यंतच्या आजारपणाला डॉक्टरचं सर्टिफिकेट मागूच नये. कामगाराने स्वतः लिहून, सही करून दिलेली चिठ्ठी पुरेशी मानावी. चौथ्या दिवसापासून डॉक्टर. काही डॉक्टरमित्रांना हे आवडणार नाही आणि बऱ्याच एचआरवाल्यांना तर मुळीच नाही. पण मी हे कामगारांच्या बाजूने भावनेच्या भरात म्हणत नाहीये. त्या कागदात वैद्यकीयदृष्ट्या काय असतं हे मला माहीत आहे, म्हणून म्हणते आहे.

डॉक्टरला नेमकं काय दिसतं?

समजा, शुक्रवारी तुम्हाला ताप आला, रविवारी उतरला आणि सोमवारी तुम्ही माझ्याकडे आलात. सोमवारी मी थर्मामीटर लावला तर ९८.४. घसा ठीक, छाती साफ. शुक्रवारी तुम्हाला ताप होता हे मला कसं कळलं? तुम्ही सांगितलं म्हणून. म्हणजे मी जे लिहिते ती तुमचीच साक्ष असते, फक्त माझ्या लेटरहेडवर. मायग्रेनचं तेच, कंबरदुखीचं तेच, पाळीच्या दुखण्याचं तेच, एका दिवसात थांबलेल्या उलट्यांचंही तेच. यातल्या एकाही गोष्टीला 'झालं होतं की नाही' हे नंतर दाखवणारी तपासणी नाही. मग तुमचा शब्द कंपनीने थेट तुमच्याकडूनच का घेऊ नये? मध्ये माझी फी कशासाठी?

डॉक्टरांच्या बाजूनेही एक अडचण आहे, ती फारशी कोणाला माहीत नसते. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेप्रमाणे आम्ही दिलेल्या प्रत्येक सर्टिफिकेटची नोंद रजिस्टरमध्ये ठेवायची असते. पेशंटची सही किंवा अंगठा आणि शरीरावरची ओळखखूण घ्यायची असते. ठरलेल्या नमुन्यात 'काळजीपूर्वक तपासणी करून' असे शब्द आहेत. खोटं किंवा दिशाभूल करणारं सर्टिफिकेट दिलं तर नोंदणी रद्द होऊ शकते. म्हणून एखादा डॉक्टर मागची तारीख टाकून द्यायला नकार देतो तेव्हा तो आढ्यतेखोर नसतो. मी अशा वेळी आजचीच तारीख टाकते आणि लिहिते: 'रुग्णाच्या सांगण्यानुसार अमुक तारखेपासून ताप होता. आज तपासणीत ताप नाही. कामावर रुजू होण्यास हरकत नाही.' यात खोटं काहीच नाही. पण हा कागद नीट वाचला तर त्यात पेशंटच्या सांगण्यापलीकडे काही नाही, हेही लक्षात येईल. गंमत म्हणजे तो कुणी वाचत नाही. शिक्का आहे ना, मग झालं.

आणि जिथे शिक्क्याला किंमत येते तिथे शिक्क्याचा बाजार भरतो. पेशंटचं तोंड न बघता सर्टिफिकेट देणारी ठिकाणं प्रत्येक औद्योगिक गावात असतात. कुठे, हे कामगारांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं. म्हणजे या नियमाने लबाड माणूस अडत नाही, तो पैसे देऊन सुटतो. अडतो तो खरोखर आजारी असलेला, घरी पडून राहिलेला आणि म्हणून त्या दिवशी डॉक्टरकडे न गेलेला माणूस.

दोन दिवसांचा हिशोब

"पण मॅडम, आमचं ईएसआय आहे. सर्टिफिकेट दिलं की पैसे मिळतात ना?" मिळतात, पण कधी ते समजून घ्या.

महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या कामगाराला ही योजना लागू असते. पगाराच्या पाऊण टक्का तुमच्याकडून कापला जातो आणि मालक सव्वातीन टक्के भरतो. सहा महिन्यांच्या वर्गणीच्या काळात ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असेल तर पुढे आजारपणात रोजच्या सरासरी पगाराच्या ७० टक्के मिळतात, वर्षातून जास्तीत जास्त ९१ दिवस. मात्र पहिले दोन दिवस धरत नाहीत. आधीच्या आजारपणानंतर १५ दिवसांच्या आत पुन्हा आजारी पडलात तरच हे दोन दिवस मोजले जातात.

रोज ६०० रुपये मिळवणारा माणूस धरा. दोन दिवस तापाने झोपला तर ईएसआयकडून शून्य. तीन दिवस झोपला तर एका दिवसाचे ४२० रुपये. म्हणजे दोन दिवसांच्या आजाराचं सर्टिफिकेट पैशासाठी कामाचंच नाही. ते लागतं फक्त हजेरीपत्रकात 'विनापरवानगी गैरहजर' असा शेरा पडू नये म्हणून. १,२०० रुपयांचा खाडा आधीच पडलेला असतो. त्यात माझी फी, रिक्षा, आणि कागद आणायला म्हणून बुडवलेला आणखी अर्धा दिवस.

आजारपण लांबणार असं दिसत असेल तर मात्र उलट सल्ला देते. मग पहिल्याच दिवशी ईएसआयच्या दवाखान्यात किंवा त्यांच्या यादीतल्या डॉक्टरकडे जा आणि त्यांच्याकडूनच सर्टिफिकेट घ्या. माझ्यासारख्या खासगी डॉक्टरचं तिथे सहसा चालत नाही. ठेकेदार वर्गणी भरतच नाही अशी तक्रार असेल तर हेही लक्षात ठेवा की ती भरली जाते की नाही याची पहिली जबाबदारी मूळ मालकावर, म्हणजे कारखान्यावर असते. आपला विमा क्रमांक मागून घ्या. बऱ्याच जणांना तो माहीतच नसतो.

१९४८ च्या कारखाने कायद्यानेही अचानक आलेल्या आजारपणाचं वास्तव ओळखलं होतं. पगारी रजेसाठी १५ दिवस आधी अर्ज करायचा, पण आजारपणासाठी हवी असेल तर आधी अर्ज नसला तरी शिल्लक रजा द्यायची, असं त्यात स्पष्ट म्हटलं होतं. साधी गोष्ट आहे. ताप पंधरा दिवस आधी कळवून येत नाही.

अंगावर काढलेला आजार

सर्टिफिकेटच्या सक्तीचा सगळ्यात वाईट परिणाम माझ्या दवाखान्यात दिसत नाही, तो कारखान्यात दिसतो. कागदाची कटकट नको म्हणून माणूस आजार अंगावर काढतो आणि गोळी खाऊन ड्युटीवर जातो. सर्दीच्या बऱ्याच स्वस्त गोळ्यांमध्ये क्लोरफेनिरामाइन असतं, त्याने झोप येते. रात्रपाळीला, रिअॅक्टरजवळ किंवा फिरत्या मशिनवर उभा असलेला माणूस अशी गोळी खाऊन पेंगत असेल, तर त्याचा एक दिवसाचा खाडा वाचवून कंपनीने नेमकं काय कमावलं?

कॅन्टीनमध्ये पोळ्या लाटणाऱ्या बाईला जुलाब होत असतील तर तिला थांबल्यानंतरही ४८ तास स्वयंपाकापासून दूर ठेवायला हवं. पण दोन दिवसांचा पगार आणि वर सर्टिफिकेटची भीती असेल तर ती कोणाला सांगेल? कोणालाच नाही. चार दिवसांनी अर्धी शिफ्ट पोट धरून बसते आणि मग पाण्याच्या टाकीवर संशय घेतला जातो.

२०२३ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रात डोळ्यांची मोठी साथ आली होती, आठवत असेल. डोळे येण्याचा हा प्रकार बहुतेक वेळा विषाणूमुळे होतो आणि आपोआप बरा होतो. लागतं ते एवढंच: हात धुणं, वेगळा टॉवेल आणि चार दिवस घरी बसणं. लालभडक डोळे तर सुपरवायझरलाही दिसत होते. तरीही 'डॉक्टरचं लिहून आण' म्हणून पाठवलेली माणसं दवाखान्याच्या बाकावर एकमेकांना खेटून बसत, तोच दरवाजा त्याच हातांनी उघडत आणि जाताना शेअर रिक्षात सहा जणांत बसत. साथ पसरवायची याहून चांगली व्यवस्था मला सुचत नाही.

मासळी विकायला बसणाऱ्या बायकांचा विषय निघाला की मला हसू येतं आणि वाईटही वाटतं. त्यांना सर्टिफिकेट कोण मागणार? पण त्यांना रजाही कोण देणार? ताप असला तरी पाटी उचलायचीच. सर्टिफिकेटची कटकट ही निदान नोकरी असलेल्यांची कटकट आहे.

"मग सगळेच दांड्या मारतील!"

हा आक्षेप खरा आहे, तो उडवून लावू नये. (दांडी गावच्या मंडळींची माफी मागून.) स्वीडनमध्ये १९८८ साली एक प्रयोग झाला. गोथेनबर्ग शहरात आणि येम्टलांड भागात लोकांचे जन्मतारीख सम की विषम यावरून दोन गट केले. एका गटाला नेहमीप्रमाणे सात दिवसांनंतर डॉक्टरचं सर्टिफिकेट द्यायचं होतं, दुसऱ्याला चौदा दिवसांनंतर. चौदा दिवसांची सूट मिळालेल्यांची आजारपणं लांबली. माणसं सगळीकडे सारखीच असतात, तेव्हा मुदत अमर्याद ठेवून चालणार नाही.

पण त्याच स्वीडनने सातव्या दिवसापर्यंत माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवला आहे, हेही बघा. ब्रिटनमध्ये १९८२ पासून पहिल्या सात दिवसांसाठी कामगाराने स्वतःच फॉर्म भरून द्यायचा असतो. नॉर्वेत ही मुदत तीन दिवसांची आहे. जर्मनीत आजारपण तीन दिवसांहून लांबलं की सर्टिफिकेट, मालकाला हवं असेल तर त्याआधीही. या देशांतले कारखाने काही बंद पडलेले नाहीत. आपल्याकडे मी तीन दिवस म्हणते, सात नाही, कारण आपल्याकडे तापाचे आजार वेगळे आहेत. त्याबद्दल पुढे सांगते.

दांड्यांबद्दल मला दवाखान्यात बसून जे दिसतं ते सांगते. जुलैत भातलावणी असते. एक ऑगस्टला बंदी उठून बोटी समुद्रात जातात. मे महिन्यात लग्नं, मार्चमध्ये होळी, मग गणपती. या दिवसांत 'ताप' वाढतो. ही माणसं खोटं बोलतात, मान्य. पण लावणीला दोन दिवस हवेत असं खरं सांगून रजा मिळाली असती तर ती माझ्याकडे कशाला आली असती? मूल तापाने फणफणलेलं असतं आणि आईला स्वतःच्या नावाने 'व्हायरल फिव्हर' लिहून हवा असतो, कारण मुलाच्या आजारपणासाठी रजा हा प्रकारच तिच्या ठेकेदाराला ठाऊक नाही. महाराष्ट्राच्या २०१७ च्या कायद्याच्या कक्षेत येणाऱ्या दुकानांना आणि आस्थापनांना वर्षाला आठ दिवस पगारी नैमित्तिक रजा द्यावी लागते. ती खरोखर दिली तर आजारपणाची निम्मी नाटकं बंद होतील, असा माझा अंदाज आहे.

राहिलेल्या खऱ्या दांडीबहाद्दरासाठी डॉक्टर नको, चांगला सुपरवायझर हवा. पाळी सुरू होण्याआधी फोन किंवा मेसेज आलाच पाहिजे. वर्षातून अशा चार वेळांपर्यंत स्वतःची चिठ्ठी चालेल, पाचव्या वेळी डॉक्टर. परत आल्यावर पाच मिनिटं बाजूला घेऊन विचारायचं: काय झालं होतं, आता कसं आहे, आज हलकं काम देऊ का? ज्याला दर पगारानंतर दोन दिवस ताप येतो, त्याचा 'आजार' रजिस्टर उघडलं तर दिसतो. आणि तो बहुतेक वेळा दारू हा असतो, म्हणजे तोही आजारच. त्याला सर्टिफिकेट नको, उपचार हवेत.

चिठ्ठी कशी असावी? 'मी अमुक, अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत आजारी असल्याने कामावर येऊ शकलो नाही. आता बरं आहे. ही माहिती खरी आहे.' सही, तारीख. कोणता आजार हे सांगायची सक्ती नको. पाळी, मूळव्याध किंवा लघवीची जळजळ हे शब्द पॅकिंग डिपार्टमेंटच्या नोटीस बोर्डाशेजारी वाचून दाखवले जाऊ नयेत. अपवाद फक्त पसरणाऱ्या आजारांचा, म्हणजे जुलाब, कांजिण्या, डोळे येणं. ते सांगायलाच हवेत.

सर्टिफिकेट नको, पण तपासणी हवी

आता माझी भीती सांगते. उद्या हा नियम झाला तर काही जण म्हणतील, 'बरं झालं, डॉक्टरकडे जायलाच नको.' तसं नाही. मी कागदाच्या विरोधात आहे, तपासणीच्या नाही. साध्या सर्दीला आणि एका दिवसाच्या जुलाबाला घरी थांबा, पाणी, ओआरएस, पेज घ्या, झोपा. पण पावसाळ्यात आपल्या भागात थंडी वाजून ताप आला तर त्याच दिवशी मलेरियासाठी रक्त तपासा. प्राथमिक आरोग्य केंद्रात ते मोफत होतं. साचलेल्या पाण्यातून किंवा चिखलातून चालल्यावर काही दिवसांनी ताप आला, पोटऱ्या दुखायला लागल्या, डोळे लाल झाले, तर लेप्टोची शंका घ्यायची असते आणि उपचार लवकर सुरू करायचे असतात.

डेंग्यूचं तर वेगळंच आहे. त्यात धोका ताप चढलेला असताना कमी आणि उतरताना जास्त असतो, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसादरम्यान. म्हणजे 'ताप गेला, आता खाडा नको' म्हणून माणूस ज्या दिवशी ड्युटीवर जातो, नेमका तोच दिवस वाईट असू शकतो. पोटात जोरात दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, गळून जाणं, लघवी कमी होणं: यातलं काहीही असेल तर कामावर नाही, थेट दवाखान्यात. माझी मर्यादा तीन दिवसांची आहे ती यासाठीच. चौथ्या दिवशीही बरं नसेल तर तुम्हाला डॉक्टरची गरज आहे, कंपनीला सर्टिफिकेटची असो वा नसो.

एका गोष्टीला स्वतःची चिठ्ठी कधीच देऊ नका

कामावर झालेल्या इजेला. हे ठळक सांगते, कारण याबाबतीत कामगार सर्रास फसवला जातो. हातावर रसायन उडालेलं असतं, फोड दिसत असतात, सोबत आलेला माणूस बाहेरून सांगतो, "मॅडम, तापाचं लिहा, चार दिवस घरी बसवतो त्याला, पगार देऊ." मी लिहीत नाही. कुठल्याच डॉक्टरने लिहू नये. ईएसआयमध्ये कामावरच्या इजेला आजारपणाचे ७० टक्के नाही, ९० टक्के मिळतात. इजेचा दिवस सोडून किमान तीन दिवस काम करता येत नसेल तर ते लागू होतात, आणि तिथे पहिले दोन दिवस कापले जात नाहीत. वर्षभराने त्याच हाताची बोटं आखडली तर इजेची नोंद असल्याशिवाय काहीही मागता येत नाही. 'ताप' लिहिलेल्या कागदावर बोटांची भरपाई कोण देईल?

एकाच डिपार्टमेंटच्या तिघांना एकाच पाळीत डोकेदुखी, मळमळ, डोळ्यांची आग झाली असेल तर तोही 'व्हायरल' नसतो. तिघं तीन वेगळ्या डॉक्टरांकडे जातात, तीन वेगळी सर्टिफिकेटं येतात आणि फाईलमध्ये वेगवेगळी पडून राहतात. त्यांनी स्वतःच्या शब्दांत लिहून दिलं असतं, 'वास आला, मग डोकं दुखलं', तर कोणीतरी व्हॉल्व्ह तरी तपासला असता.

डोळ्यांत किंवा अंगावर रसायन गेलं तर आधी वीस मिनिटं वाहत्या पाण्याखाली धरा, कपडे काढून टाका. अपघाताच्या रजिस्टरमध्ये नोंद झाली का ते सोबत्याला बघायला सांगा. आणि येताना ड्रमवरच्या लेबलचा फोटो किंवा निदान रसायनाचं नाव चिठ्ठीवर लिहून आणा. उपचार ठरवायला मला त्या कागदाचा उपयोग सगळ्यात जास्त होतो.